वीतभर उचला, थांबा, बघा

आरियाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्यासाठी गजर लावावा लागत नसे. आधी बाथरूमची कडी वाजायची, मग नळ, मग स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण. आपा उठली म्हणजे घर उठलं. आरिया पडल्या पडल्याच पाठ एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर मोकळी करून घ्यायचा आणि चहाचा वास आला की पाय खाली सोडायचा. उजाडायच्या आत तो यार्डाच्या फाटकात हजर असायचा. उशिरा येणाऱ्याला तो बोलत नसे, नुसता बघायचा. ते पुरे व्हायचं.

आरिया हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जड यंत्रं दुरुस्त करायचं यार्ड, आणि तो तिथला सगळ्यात जुना खलाशी. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसतो. खाली जो मालाला पट्टे बांधतो आणि हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला वर-खाली सांगतो, तो खलाशी. खलाशांच्या बोलीत ‘हाबेस’ म्हणजे उचल आणि ‘आरिया’ म्हणजे खाली सोड. नव्या पोरांना हाबेस ओरडायची हौस. हा मात्र हात हातात धरून आरियाच शिकवायचा. “उचलायला काय, कुणीही उचलतो. ठेवायला माणूस लागतो,” असं म्हणता म्हणता तेच नाव त्याला चिकटलं. आपल्या पोराच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा क्रेनवाल्याने ‘आरियाभाई व परिवार’ असंच लिहिलं होतं.

त्याचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची तो गय करत नसे. माल मोठा असो की छोटा, आधी वीतभर उचलायचा. थांबायचं. बघायचं. खोक्यावर कुणी काहीही रंगवून ठेवलेलं असो, खरं वजन कुठे आहे ते माल जमिनीवरून सुटल्याशिवाय कळत नाही. एकदा एक यंत्र आलं. चारही कोपरे सारखे, कागदावर सगळं बरोबर. वीतभर उचललं आणि ते डावीकडे असं झुकलं की जणू कुणी कानात काही सांगायला बोलावलं. आरियाने ते अलगद खाली घेतलं, झडपा उघडून बघितल्या, तर आत एका बाजूला तेलाची टाकी, काठोकाठ भरलेली. कुणी सांगितलं नव्हतं. “माल खोटं बोलत नाही,” तो म्हणाला, “आपण पट्टा चुकीच्या जागी बांधतो.” आणि पट्टे सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतले. त्या दिवशी जेवणाची सुट्टी गेली. कुणी कुरकुरलं नाही.

घरात माणसं चार. आरिया, त्याची बायको, औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळणारी लेक, आणि आपा. आपा म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आरिया चड्डी सावरत फिरायच्या वयाचा होता. आपाने त्याला भरवलं, बडवलं, शाळेत घातलं, शाळेतून पळाला तेव्हा कामाला लावलं. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती परत आली आणि चुलीपाशी अशी उभी राहिली की मग तिथून हललीच नाही. आरियाचे केस पिकले तरी ती त्याला ‘लहान्या’ म्हणायची. कडक बाई. बाहेरचं खाणार नाही, हॉटेलची पायरी चढणार नाही. अलीकडे तर लग्नालाही गल्लीतल्या गल्लीत असेल तरच जायची. “कुणाच्या कढईत काय तळलंय, कुणास ठाऊक,” एवढं म्हटलं की विषय संपला. रात्रीही दोन-तीनदा कडी वाजायची, नळ वाजायचा. शेजारीपाजारी कौतुकाने सांगायचे, “तुमच्या आपा रात्रीच्या नमाजालासुद्धा उठतात. आम्हाला पहाटेची जड जाते.” आरियाची मान ताठ व्हायची.

तर अशा या आपाच्या चुलीच्या वर भिंतीवर एक कॅलेंडर होतं. ग्रीस विकणाऱ्या एका कंपनीने यार्डात वाटलेलं. त्याचं साल कधीच संपलं, कडा तेलकट झाल्या, पण एक पान ती कुणाला उलटू देत नसे. चित्रात संध्याकाळची नदी. नदीवर केळीच्या पानांच्या लहान लहान होड्या, प्रत्येकीत फुलं आणि एक पेटती मेणबत्ती. शेकडो. पाणी दिसत नव्हतं, उजेडच वाहत होता.

“हे कुठलं रे?” तिने एकदा भाजी चिरता चिरता विचारलं होतं.

आरियाने क्रेनवाल्याला विचारलं. क्रेनवाला तरुणपणी जहाजावर होता, त्याने जग पाहिलं होतं, निदान बंदरापुरतं. “थायलंड,” तो म्हणाला. “लॉय क्रथोंग म्हणतात त्याला. पावसाळा सरला की एका पौर्णिमेला सगळा देश नदीवर येतो.”

आरियाने घरी येऊन सांगितलं. आपा म्हणाली, “लांब आहे.” आणि चिरणं पुढे चालू. पण पान उलटलं नाही ते नाहीच.

रिटायर व्हायला थोडे महिने उरले तेव्हा आरियाने जेवताना जाहीर केलं, “यंदा आपण सगळे थायलंडला जायचं. त्या दिव्यांच्या सणाला.”

बायकोचा घास हातातच राहिला. “अहो, ताप आलाय का?”

“ताप नाही. पैसे आहेत, थोडे कमी पडतायत, ते मिळवीन. चौघांनी जायचं.”

लेकीने टाळी वाजवली. आपाने त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि म्हणाली, “तुम्ही या जाऊन. मी घर बघते.”

“घर काय पळून जातंय?”

“तिथे खायचं काय? साप आणि विंचू?”

“हलाल मिळतं, फुफी,” लेक आत्याला म्हणाली. “मुसलमान वस्त्या आहेत तिथे, मशिदी आहेत. दुकानांवर शिक्का असतो.”

“शिक्का काय, मीही मारीन.”

दुसऱ्या दिवशी सुटल्यावर आरिया तडक एका ट्रॅव्हलच्या ऑफिसात गेला. टायरच्या दुकानावर एक खोली, दोन खुर्च्या, एक पंखा. टेबलामागची बाई चष्मा डोक्यावर ढकलून म्हणाली, “हलाल-फ्रेंडली पॅकेज आहे आमच्याकडे.”

“म्हणजे नेमकं काय?”

“म्हणजे बरंच काही असतं, काका. कुठे नुसती बुफेच्या एका कोपऱ्यात पाटी. कुठे खरंच स्वयंपाकघर वेगळं. तुम्हाला कुठलं पाहिजे?”

आरियाला बाई आवडली. त्याने विचारायला सुरुवात केली. तेल वेगळं की तेच? कढई? मांस कुठून येतं? फ्रीजमध्ये दारूच्या बाटल्या? बाईने एकेकाचं उत्तर दिलं, माहीत नव्हतं तिथे “विचारून सांगते” म्हणाली, आणि दोन दिवसांनी खरंच सांगितलं. कालव्याकाठी एक जुनी मुसलमान वस्ती होती, तिथे खानावळी होत्या. हॉटेलच्या खोलीत किब्ल्याची, नमाजाला तोंड करायची दिशा दाखवणारा बाण. रस्त्यावरच्या गाडीवरचं खायचं नाही, कारण भाजीतसुद्धा कसली चरबी असेल सांगता येत नाही. सणाच्या रात्री घाटावर चिक्कार गर्दी, म्हणून दुपारीच जाऊन जागा धरायची आणि रात्रीपर्यंत उठायचं नाही.

मग तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. “बरोबर वयस्कर कुणी आहे? चालणं, बसणं, आणखी काही अडचण?”

“माझी बहीण आहे. पण ती आमच्यापेक्षा खणखणीत आहे,” आरिया म्हणाला.

“एकदा विचारा त्यांना.”

“विचारायचं काय त्यात? मी तिला जन्मापासून बघतोय.”

घरी येऊन त्याने आपाला तेल, कढई, शिक्का सगळं सांगितलं. आपाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खायचं झालं. पण ती तर पूजा आहे. आपण कशाला जायचं तिथे?”

लेक म्हणाली, “नदीचे आभार मानतात, फुफी. आणि वर्षभर तिला घाण केली म्हणून माफी मागतात.”

“माफी मागायची तर घाण करायचीच कशाला?”

आरिया शुक्रवारी इमामसाहेबांना भेटला. ते चपला शोधत होते. म्हणाले, “होडी सोडू नका, हात जोडू नका. बाकी शेजाऱ्याच्या अंगणातला दिवा बघितला म्हणून आपल्या इमानातलं तेल कमी होत नाही. माझी एक चप्पल दिसते का बघा.”

आरियाने हा निरोप घरी आणला. आपा म्हणाली, “बरं. पण विमानाने माझे कान दुखतील.” कानात घालायला कापूस आला. मग म्हणाली, मांजराला दूध कोण घालेल? मांजर क्रेनवाल्याच्या बायकोने पत्करलं. मग म्हणाली, माझ्याकडे धड चपला नाहीत. चपला आल्या. त्या खोक्यातच राहिल्या.

“एक खिळा उपटावा तर दुसरा वर येतोय,” आरिया बायकोपाशी चिडला.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “त्यांना यायचंच नसेल. बळेच कशाला? आपण तिघं जाऊन येऊ, त्यांना फोटो दाखवू.”

“फोटो तर भिंतीवर आहेच,” आरिया म्हणाला. “ती येणार नसेल तर मी कशाला जाऊ? मला दिव्यांचं काय करायचंय?”

बायकोने घडी मोडली आणि पुन्हा घातली. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा असं सरळ बोललेला तिने फार ऐकला नव्हता. “मग तुमच्या यार्डात करता तसं करा,” ती म्हणाली. “नेहमी सांगता ना, वीतभर उचला.”

आरियाने तिच्याकडे बघितलं. गोष्ट खरी होती. महिना झाला तो नुसता पट्टे आवळत होता. माल अजून जमिनीवरच.

त्याने आपाला सांगितलं, “थायलंड राहू दे. रविवारी एक दिवस, इथेच, शहराच्या त्या टोकाला. घरात चूल नाही पेटवायची. बाहेर खायचं, फिरायचं, संध्याकाळी परत. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर मी परत थायलंडचं नाव काढणार नाही.”

आपाने कारण शोधलं. सापडलं नाही. एका दिवसाला काय कारण देणार? “बरं,” ती म्हणाली. पण असं, की जणू तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं.

रविवारी सगळे निघाले. आपाने नव्या चपला घातल्या. सकाळचा चहा तिने सगळ्यांना दिला, आपला घेतला नाही. “मला नको वाटतोय.” बसमध्ये तिने दाराजवळची जागा धरली. लेकीने माहितीतली एक खानावळ निवडली होती, मालक ओळखीचा, स्वयंपाकघर उघडं. आरियाने स्वतः आत डोकावून कढई बघितली आणि बाहेर येऊन मान हलवली. आपा जेवली, पण पाखरासारखी. वाटीतला रस्सा तसाच. पाण्याचा पेला तिच्यापुढे भरलेला आला आणि भरलेलाच परत गेला. बाहेर ऊन असं की डांबर चपलांना चिकटत होतं.

“फुफी, पाणी तरी पी.”

“तहान नाही.”

तलावाकाठी बसायला बाकं होती, झाडाखालची, वाऱ्यावरची. आपा ती सगळी ओलांडून सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसली. सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीला लागून.

“आपा, इथे कुठे बसता? केवढा वास येतोय!” बायकोने पदर नाकाला लावला.

“मला नाही येत. तुम्ही बसा तिकडे.”

सगळे नाक दाबून तिथेच बसले. आरिया आपाकडे बघत होता, जसा वीतभर उचललेल्या मालाकडे बघायचा. काहीतरी एका बाजूला झुकत होतं. कुठे, ते अजून कळत नव्हतं.

कळलं ते परतीच्या बसमध्ये. पुढे रस्ता खणलेला, बस अडकली, मागे-पुढे हॉर्न. आपाने आधी ओढणीचं टोक मुठीत धरलं. मग आरियाचं मनगट धरलं. तिच्या बोटांत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“लहान्या, उतरव मला.”

“इथे? अजून घर—”

“उतरव म्हणते ना!”

आरियाने कंडक्टरला दार उघडायला लावलं. चौघं रस्त्याच्या मधोमध उतरले. रविवार, सगळी दुकानं बंद. एक फर्निचरचं तेवढं उघडं होतं. लेकीला कळलं होतं. ती आपाला धरून आत शिरली. “बाथरूम कुठे आहे?”

“ते गिऱ्हाइकांसाठी आहे,” दुकानदार पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

“मग आम्ही कोण आहोत?” मागून आरिया आला. “तो सोफा दाखवा.”

“कुठला?”

“सगळ्यात मोठा.”

दुकानदाराचा पेपर खाली आला. त्याने हाताने मागचं दार दाखवलं. लेक आणि आपा गेल्या. आरिया सोफ्यापाशी गेला. त्याने एक टोक धरून वीतभर उचललं, थांबला, वाकून खाली बघितलं, अलगद ठेवलं.

“चौकट पोकळ आहे.”

“पोकळ? अस्सल सागवान आहे, साहेब!”

“सागवानाला वजन असतं.”

बायको सोफ्यावर बसून हलकेच उडून बघत होती. “रंग बरा आहे हो.”

“तू गप.” मग त्याच्या लक्षात आलं की दार अजून बंदच आहे. “म्हणजे, बघ. नीट बघ. दुसऱ्या रंगात आहे का?”

दुसऱ्या रंगात होता. तिसऱ्यातही होता. तिघांनी सगळे रंग बघितले, भाव झाला, भाव मोडला, दुकानदाराने थंड पेय मागवतो म्हटलं. आयुष्यात कधी नाही ते आरिया फुकट वेळ काढत होता आणि तेही मन लावून. शेवटी दार उघडलं. आपाने तोंड धुतलं होतं. ओढणीचा मोठा भाग ओला होता, पिळलेला होता. उशीर झाला होता की नाही, हे कुणी विचारलं नाही. लेकीने आपली ओढणी काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळली, थंडी वाजत असावी तशी.

आरियाने तिथलं एक वेताचं स्टूल विकत घेतलं. फुकट वापरलं असं व्हायला नको. एवढा वेळ खाऊन स्टूल घेणाऱ्याकडे बघून जसा चेहरा करायचा, तसा दुकानदाराने केला.

बाहेर फुटपाथवर आपा त्याच स्टुलावर बसली. लेक रिक्षा बघायला गेली. बायको तिच्या मागे गेली, मुद्दाम.

“कधीपासून?” आरियाने विचारलं.

“झाली वर्षं. आधी थोडं होतं. आता कळ आली की दम धरत नाही.” आपा रस्त्याकडे बघत बोलत होती. “सोवळं-ओवळं कसलं घेऊन बसलास. मला कुणाच्या कढईचं काय पडलंय? बाहेर पडलं की आधी बाथरूम शोधायचं, आणि नसलं की घोटभर पाणी नाही. त्यापेक्षा घर बरं.”

“आणि रात्री ती कडी?”

“तेच.”

“आम्हाला वाटायचं नमाज.”

“पढायचे ना. उठलेच आहे, हातपाय धुऊन वजूही झालाय, तर पढून घ्यावी.” तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “तुम्हाला सगळ्यांना केवढं बरं वाटायचं. आपा किती दीनदार, आपा किती दीनदार. मग मी कशाला तोंड उघडू?”

इतके दिवस आरिया तेल, कढई, शिक्का, इमाम, कापूस, चपला यांना पट्टे बांधत होता. वजन भलतीकडेच होतं. ट्रॅव्हलच्या बाईने तर सरळ विचारलं होतं, आणि याने छाती पुढे काढून सांगितलं होतं, खणखणीत आहे.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “पट्टे सोडू. पुन्हा बांधू.”

“म्हणजे?”

“म्हणजे जायचंच. पण आता कुठे धरायचं ते कळलं.”

“अरे, विमानात? एवढ्या लोकांत?”

“विमानात बाथरूम असतं आपा. बसमध्ये नसतं.”

याचा आपाने विचार केला. “खरंच असतं?”

पुढचं सगळं आरियाने कामासारखं केलं. आधी डॉक्टरीण. तिने आपाला तपासलं आणि म्हणाली, या वयात अर्ध्या बायकांना हे असतं, आणि अर्ध्या अशाच घरात बसतात. गोळ्या दिल्या, बसल्या बसल्या करायचा व्यायाम दिला, आणि पाणी तोडल्याबद्दल रागावली. पाणी कमी केलं की आग वाढते, म्हणाली. आपा नेमाने व्यायाम करू लागली. गुण आला. पूर्ण नाही, पण आता कळ आली की दोन वाक्यं बोलून मग उठता यायचं.

मग आरिया पुन्हा टायरच्या दुकानावर गेला. “बाई, तुम्ही विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं,” एवढंच म्हणाला आणि सगळं सांगितलं. न लाजता. बाईनेही न लाजता ऐकलं. घाटावर जागा धरून बसायचा बेत तिने तिथल्या तिथे खोडला. बसच्या जागी गाडी. विमानात मधल्या वाटेकडची जागा, मागची. “आणि काका, तिकडे एक बरं असतं, बहुतेक ठिकाणी बाथरूममध्ये बाजूला पाण्याचा पाइप असतो. बहिणीला सांगा.” मग तिने बरीच शोधाशोध करून नदीला लागून असलेलं एक घर काढलं. एक मुसलमान जोडपं चालवायचं. खाली त्यांचीच खानावळ, वर खोल्या. एका खोलीला नदीवर गच्ची होती, आणि गच्चीला लागून बाथरूम.

“सणाच्या दिवसांत ही खोली फार महाग असते,” बाई म्हणाली. “मागच्या बाजूची निम्म्यात मिळेल.”

“मागून नदी दिसते?”

“नाही.”

“मग मागची घेऊन काय भिंत बघू?”

पैसे कमी पडत होते, ते आणखी कमी पडले. यार्डात वर्षातून एकदा सगळी यंत्रं बंद करून दुरुस्ती निघते. तेव्हा दुहेरी पाळ्या लागतात. या वयात आरियाला त्या कुणी लावल्या नसत्या. त्याने मागून घेतल्या. क्रेनवाला वरून ओरडला, “अरे, रिटायर होताना माणूस हळू होतो, तू काय हाबेस चाललायस?” आरियाने खालून खूण केली, तोंड बंद, दोरी बघ. रात्री त्याचे खांदे वर होत नसत. आपा तेल चोळून द्यायची आणि शिव्या द्यायची. दोन्ही मनापासून.

सामान बांधायच्या दिवशी आरियाने यार्डातला आकड्याचा वजनकाटा आणून दाराच्या चौकटीला टांगला. आपाची बॅग लावली. काटा सरळ शेवटाला गेला.

“आपा, आत काय आहे?”

“कपडे.”

लेकीने चेन उघडली. मसाल्याचे डबे, तांदूळ, किटली, आणि तळाशी लोखंडी तवा.

“हलाल मिळतं तिथे,” आरिया म्हणाला.

“मिळू दे. तवा आपला बरा.”

“तुला कढईचं काही पडलेलं नाही म्हणालीस ना?”

“तेव्हा नव्हतं पडलं. आता येतेय ना मी? आता पडलंय.”

तवा बाहेर निघाला. मसाले राहिले. लेक ओरडली, “हाबेस!” आणि बॅग पुन्हा काट्यावर चढली.

विमानात आपा तीनदा उठली. तिसऱ्यांदा परत येऊन बायकोला म्हणाली, “एवढंसं आहे, पण कडी चांगली आहे.”

सणाच्या दिवशी संध्याकाळी चौघं गच्चीवर होते. खालच्या खानावळीतून मासे तळल्याचा वास येत होता. आपाने दुपारीच खाली जाऊन कढई बघितली होती, आणि घरमालकिणीने, भाषा कळत नसताना, तिला झाकण उचलून सगळी पातेली दाखवली होती. चंद्र वर आला तशी माणसं नदीवर येऊ लागली. शेजारच्या घरातली एक बाई पानांची होडी घेऊन गच्चीवरून नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी आली. तिने आपाकडे बघून ती पुढे केली, सोडायची का, अशी. आपाने होडी दोन्ही हातांत घेतली. केळीच्या खांबाची चकती, त्यावर पानांच्या घड्या घालून केलेल्या पाकळ्या, एकसारख्या, टाचण्यांनी टाचलेल्या. तिने उलटी-सुलटी करून बघितली, जशी ती विणकाम बघायची.

“हात बसलाय हिचा,” ती म्हणाली आणि हसून दोन्ही हातांनी परत दिली.

बाईने वात पेटवली, पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसली आणि होडी खाली नेऊ लागली. आरिया नकळत कठड्यावरून वाकला. हाताचा पंजा खाली, बोटं हलकी हलकी हलत होती.

“आरिया... आरिया... सावकाश...”

“अब्बा, इथे तरी!” लेक म्हणाली.

होडी पाण्यावर टेकली. एक थेंबही उडाला नाही. आरियाने मान हलवली.

मग ते दिवे आले. वरच्या बाजूने, वळणावरून, आधी सुटे सुटे, मग घोळक्याने. आपा खुर्चीच्या टोकाला येऊन बसली. बायकोने तिच्या हातात शहाळं दिलं. आपाने ते प्यायलं, खाली ठेवलं, आणि म्हणाली, “आणखी आहे का?” दुसरंही प्यायलं. शेवटच्या थेंबापर्यंत, नळीचा आवाज येईपर्यंत. त्या आवाजाकडे आरिया कान देऊन होता. नदीकडे त्याचं लक्ष नव्हतं.

थोड्या वेळाने ती उठली. कुणाला काही न सांगता आत गेली. कडी वाजली, नळ वाजला, कडी वाजली. ती परत येऊन बसली, ओढणी सारखी केली.

“बरेच गेले का रे तेवढ्यात?”

“गेले. पण मागून येतायत.”

“येऊ देत,” आपा म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली.

परत आल्यावर यार्डात क्रेनवाल्याने विचारलं, “काय रे, त्या सगळ्या दुहेरी पाळ्या, खांदे मोडून घेतलेस, एवढ्याचं काय घेतलंस तिकडे?”

“बाथरूम,” आरिया म्हणाला. “नदीवरच्या गच्चीला लागून. चांगली कडी असलेलं.”